पाचवी पायरी

भाद्रपदातलं धुकं पाचगणीत पाहुण्यासारखं येत नाही, घरमालकासारखं येतं. ते दार वाजवत नाही. सिल्व्हर ओकच्या रुपेरी पानांवरून ओघळत, लाल मातीच्या पायवाटा पुसत, ते सरळ माजघरात शिरतं. एवढं थोरलं कातळाचं पठार, पण तेही घडी घालून कुठंतरी ठेवून देतं. मग उरते ती नुसती शुभ्रता. निःशब्द, निराकार, निःसीम शुभ्रता.

अशा धुक्यातून एका गुरुवारी, सव्वातीनच्या सुमाराला, कुमुद भिलारे चालली होती. खांद्याला गिटार होती. गिटारीची पिशवी गणवेशाच्या निळ्या कापडाची होती, कारण कुमुद शाळांचे गणवेश शिवायची आणि उरलेलं कापड वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. गिटार मात्र तिची नव्हती. ती कस्तुरीची होती, आणि कस्तुरीला जाऊन त्या भाद्रपदात वर्ष झालं होतं.

सोळा वर्षांची कस्तुरी. ओल्या मातीच्या रंगाची, वाऱ्याच्या पायांची, एका जागी न टिकणारी पोर. गेल्या वर्षी पठाराच्या कडेकडेनं जाताना ती धुक्यात चुकली. वाट रोजचीच होती. पाऊल एकच चुकलं.

मागं राहिली एक धून.

साधीच होती, बाळबोध. पाच स्वर पायऱ्या चढल्यासारखे वर जायचे, पाचव्यावर क्षणभर विसावायचे, आणि मग पाणी उतारावरून यावं तसे खाली यायचे. पण कस्तुरी पाचव्यावर कधी पोचलीच नाही. चार पायऱ्या वर, पाचवीपाशी थबकणं, आणि एक पाऊल भलतीकडे. रोज संध्याकाळी, शिलाई मशीनच्या घरघरीमागं, तेच. चार पायऱ्या वर, पाचवीपाशी थबकणं, आणि एक पाऊल भलतीकडे.

एकदा कुमुदच्या डोक्यात तिडीक गेली. हातात वीस फ्रॉक होते आणि सकाळी द्यायचे होते. "नीट वाजव, नाहीतर बंद कर ते!" ती ओरडली. कस्तुरीनं गिटार खुंटीला टांगली. तो बुधवार होता. गुरुवारी धुकं आलं.

आता कुमुदला तीच चूक हवी होती. माणूस जातं तेव्हा त्याचा चेहरा फोटोत राहतो, कपडे ट्रंकेत राहतात. आवाज मात्र कानात ठेवावा लागतो, आणि कान म्हणजे काही कुलपाची पेटी नव्हे. सहा महिन्यांत ते थबकणं किती लांब होतं हे तिला आठवेना. मग ते भलतं पाऊल कुठं पडायचं, तेही डळमळू लागलं. तेव्हा वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, गावानं तोंडाला पदर लावून हसावं अशा रीतीनं, कुमुद भिलारे गिटारीचा मास्तर शोधायला निघाली.

पहिला मास्तर वाईला भेटला. तरुण होता, गोड बोलायचा. तिनं धून गुणगुणून दाखवली. "मावशी, इथं तुमचं चुकतंय," तो म्हणाला, आणि त्यानं पाचवा स्वर लखलखीत वाजवून दाखवला. दुसरे एका शाळेतले संगीताचे सर. त्यांनी चूक ऐकून दातात खडा आल्यासारखं तोंड केलं आणि धून वहीत नीट लिहून दिली. तिसऱ्यानं फोनवरच, पडद्यातूनच, सुधारली. सगळेच भले. सगळ्यांनाच नीट येत होतं.

आणि प्रत्येकाच्या दारातून परतताना तिच्या कानातली नीट धून थोडी मोठी होई, कस्तुरीची धून थोडी लहान. आगीतून उठून फुफाट्यात पडावं, तसं झालं तिचं. पोर एकदा कड्यावरून गेली होती. आता ती दुसऱ्यांदा जात होती, स्वरास्वरानं, आणि घेऊन जाणारे मास्तर तिनं स्वतःच शोधले होते.

मग कस्तुरीचा रेनकोट उन्हात घालताना खिशातून एक चिठ्ठी निघाली. भिजून वाळलेली, पापडासारखी कडक. "गुरुवार, चार वाजता. डाव्या हाताची नखं कापून ये. साळवे मास्तर."

कुमुदनं ती पुन्हा वाचली. गुरुवारी चारला कस्तुरी गणिताच्या शिकवणीला जायची, असं ती सांगायची. आणि दर गुरुवारी वर्तमानपत्रावर नखं पडलेली असायची, फक्त डाव्या हाताची. "उजव्यानं काय घोडं मारलंय?" असं कुमुदनं विचारलंही होतं. पोर नुसती हसली होती.

आज तीच वाट होती, पठाराच्या कडेची. कुमुद उजव्या हातानं कुंपणाची तार धरून चालत होती. धुकं इतकं दाट होतं की पुढं टाकलेला पाय आपलाच आहे की नाही, अशी शंका यावी. आणि आपल्याच पायांच्या जोडीला आणखी दोन पाय चालताहेत, आपण थांबलो की ते अर्ध्या पावलानं उशिरा थांबताहेत, असं तिला वाटत होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहवलं नाही, हे खरं.

साळवे मास्तरांचं घर, गावात विचारून कळलेलं, वाटेच्या टोकाला होतं. बुटकं, कौलारू, शेवाळानं हिरवं झालेलं. एलिशा साळवे सत्तरी ओलांडलेले. जन्मभर चर्चमध्ये वाजवलेलं, आता एक कान गेलेला. तार जुळवताना ते गिटारीच्या लाकडावर हनुवटी टेकवत आणि स्वर हाडांनी ऐकत. तिनं दार लोटलं तेव्हाही ते तसेच बसले होते, लाकडाला हनुवटी लावून.

"माझी पोरगी तुमच्याकडं यायची का, मास्तर?" कुमुदनं दारातूनच विचारलं. "कस्तुरी भिलारे."

त्यांनी बोटं उचलली आणि वाजवलं. चार पायऱ्या वर. पाचवीपाशी थबकणं, एक पापणी मिटून उघडावी एवढंच. आणि एक पाऊल भलतीकडे.

कुमुदच्या हातून चौकट सुटेना. एवढंच होतं ते! एवढंसंच, आणि तिथंच होतं. तिला रडू फुटलं, मोठ्यानं, लाज न धरता.

"मी कुणाची चूक खोडत नाही, बाई," मास्तर म्हणाले. "चूक ज्याची त्यानं सोडायची. तोवर ती त्याची सही असते. चाळीस वर्षांतली पोरं मला नावानं आठवत नाहीत, चुकांनी आठवतात."

"मला तीच शिकवा," ती म्हणाली. "मला नीट नको. तिच्यासारखंच पाहिजे."

मास्तरांनी तिचा डावा हात, तारा दाबायचा, उलटा करून पाहिला. सुईनं निबर झालेली बोटं, घट्टे आधीच पडलेले. "हात तयार आहे," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आवाज उतरवून बोलले, "फक्त चारची वेळ माझी नाही. ती तिची आहे. मी अजून कुणाला दिली नाही."

आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. तिथं उघड्या खिडकीपाशी एक स्टूल होतं आणि स्टुलाला टेकून एक जुनी गिटार. खिडकीतून धुकं आत आलं होतं; सहाही तारांवर दवाचे थेंब ओळीनं बसले होते, मोत्यांसारखे, मौनी, मंद.

मास्तरांनी तिच्या मांडीवर कस्तुरीची गिटार दिली. तिची बोटं हातात धरून तारांवर ठेवली, शाळेत पहिल्यांदा अक्षर गिरवून घेतात तशी. एकदा, दोनदा, दहादा. घड्याळात चार वाजले, आणि त्याच वेळी कुमुदनं पहिल्यांदा एकटीनं वाजवलं. चार पायऱ्या वर. पाचवीपाशी थबकणं.

मास्तरांची हनुवटी लाकडावर टेकलेली होती. "आली," ते हळूच म्हणाले.

आतल्या खोलीत कुणीच नव्हतं. स्टूल रिकामं होतं, खिडकी शुभ्र होती. पण तारांवरचा एक थेंब थरथरून खाली पडला आणि पहिला स्वर उमटला. दुसरा थेंब, दुसरा स्वर. तिसरा. चौथा. कुमुदच्या अंगावर सरसरून काटा आला. चार पायऱ्या वर. पाचवीपाशी थबकणं. खोलीतलं धुकंही थबकलं.

मग पाचवा थेंब पडला, आणि पाचवा स्वर वाजला.

नीट. निर्मळ, निश्चल, निःशंक. जिथं पडायला हवा होता तिथंच. क्षणभर विसावला, आणि मग सगळी धून पाणी उतारावरून यावं तशी खाली आली, खिडकीपाशी गेली, धुक्यात उतरली, आणि थांबली.

तारा कोरड्या झाल्या होत्या.

"वर्षभर दर गुरुवारी चुकत होती," मास्तर म्हणाले. "आज पोचली." त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग कडी धरूनच, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "चारची वेळ आता रिकामी झाली. तुम्ही घेता, बाई?"

कुमुदला आनंद व्हायला हवा होता. पोरीला वाट सापडली होती. पण छातीत काहीतरी रिकामं झालं, कारण आता ती चूक कस्तुरीचीही राहिली नव्हती. त्या साऱ्या धुक्यात, साऱ्या गावात, ती एकट्या कुमुदपाशी उरली होती. नीट वाजव, म्हणाली होती आई. पोरीनं ऐकलं होतं.

"घेते," ती म्हणाली.

दर गुरुवारी पठाराच्या कडेनं निळी पिशवी खांद्याला लावून एक बाई जाते. तिच्यामागं आता दुसरी पावलं नसतात. डाव्या हाताची नखं कापलेली असतात. पाचवा स्वर कुठं आहे, हे तिला चांगलं ठाऊक आहे. बोट तिथवर सहज पोचेल. पण ती चार पायऱ्या चढते, पाचवीपाशी थबकते, एक पापणी मिटून उघडावी एवढंच, आणि मग, लेकीनं टाकलेलं ते पाऊल, अलगद, आपलं म्हणून, टाकते.