व्हॉल्वचं टोपण

फय्याजच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर कारंजा गावातल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं. लखमीचंद शेठची जुनी गाडी चार दिवस झाले मागून ताठ उभी होती, हेच ते दुखणं.

सहा वर्षं ती गाडी फय्याजची होती. म्हणजे कागदावर शेठची, पण बोनेट उघडायचा हक्क फय्याजचा. मागच्या स्प्रिंगा थकलेल्या, म्हणून तिला मागं हवेचे शॉकअप लावलेले. नंबरप्लेटच्या मागं एक व्हॉल्व, चाकाला असतो तसाच. तिथून हवा भरली की गाडी मागून उचलायची. पण शॉकअप गळके. रात्रभरात हवा निघून जायची आणि सकाळी गाडी लाडावलेल्या म्हशीसारखी खाली बसलेली असायची. मग दहाच्या सुमारास ड्रायव्हर रामधन ती गॅरेजवर आणायचा, फय्याज हवा भरायचा, दोघांचा चहा व्हायचा.

"पार्ट मिळत नाही, शेठ," असं तो दर महिन्याला सांगायचा. खरं सांगायचं तर त्यानं तो कधी शोधलाच नव्हता. रोज शेठची गाडी आपल्या दारात लागते हे अख्ख्या बाजाराला दिसतं, यातच त्याला सुख होतं.

आणि तौकीरनं पार्ट शोधला. कोण तौकीर? तर फय्याजच्याच हाताखाली पाना धरायला शिकलेला, आता मंगरूळपीर रोडला स्वतःचं गॅरेज टाकून बसलेला. त्यानं नवे शॉकअप बसवले, नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं, आणि गाडी जी उभी केली ती उभीच. गुरूची विद्या गुरूलाच!

फय्याज तेव्हापासून सकाळची नमाज झाली की मुद्दाम वळसा घालून शेठच्या घरावरून यायचा. आज तरी बसली असेल, या आशेनं बघायचा. गाडी ताठच. घरी येऊन कपबशी आपटायचा.

"शॉकअप त्या गाडीचे बदलले," त्याची बायको बदरुन्निसा म्हणाली, "आन हवा तुमची काहून जाऊन राह्यली?"

पाचव्या सकाळी त्याला राहवलं नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तो गाडीमागं उकिडवा बसला, व्हॉल्वचं टोपण काढलं आणि किल्लीच्या टोकानं आतली पिन दाबली. फुस्स करून हवा सुटली. गाडी हळूहळू बसू लागली तसा त्याचा जीवही थंड होऊ लागला. बघू दे शेठला, चेल्याचं काम चार दिवसांचं!

"कोन हाय रे तिकडं?"

फाटकात काठी टेकत जतनबाई उभ्या होत्या, शेठच्या ऐंशी वर्षांच्या आई. फय्याजनं किल्ली पाठीमागं लपवली.

"म... मी, फय्याज."

जतनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बसवली का रे तू गाडी? जुग जुग जी, बापा! माह्या गुडघ्यानं त्या उंच गाडीत चढनं होते का? आधी सकाळी बसलेली राहे, तं मी आरामात चढो न मंदिरात जावो. चार दिस झाले, देवाचं तोंड नाही पाह्यलं. लखमीचंद म्हने, स्टूल ठेवतो. मी काय सरकसीतली हावो?"

त्यांनी तिथूनच रामधनला हाक मारली आणि मागच्या सीटवर बसून दाखवलं. सहा वर्षांत म्हातारीचा गुडघा त्याच्या ध्यानातही आला नव्हता.

दुपारी शेठनं दोघांनाही घरी बोलावलं. गाडी मंदिरातून येऊन फाटकाशी तशीच बसलेली होती.

"तौकीर, काम तू पक्कं केलं," शेठ म्हणाले, "पन तू गाडी पाह्यली. फय्याजनं मानूस पाह्यला. आता गाडी फय्याजकडंच राहीन."

जे हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं, आणि फय्याजला ते घशाखाली उतरत नव्हतं. तौकीरनं मान खाली घातली.

"चुकलंच माहं, शेठ. आजीले चढाच्या वक्ती हवा सोडाची, बसल्यावर भराची. रामधनभाऊले छोटा पंप देतो मी. उस्ताद ते उस्तादच."

बोलता बोलता तो वाकला, नंबरप्लेटच्या मागं त्यानं हात घातला आणि क्षणभर थांबला. शेठ आत गेले तसा तो फय्याजजवळ आला आणि त्यानं तळहात पुढे केला.

"टोपण द्या, उस्ताद."

फय्याजचा हात आपोआप सदऱ्याच्या डाव्या खिशाकडे गेला. काढलेलं टोपण डाव्या खिशात ठेवायचं, नाहीतर ते हरवतं आणि पिनेत धूळ जाते, हे त्यानंच प्रत्येक चेल्याला शिकवलं होतं. सकाळपासून ते तिथंच होतं.

"आजीसाठी सोडली असती हवा, तं निवांत टोपण परत लावलं असतं तुमी," तौकीर हळूच म्हणाला. "शेठले नाही सांगत मी."

फय्याजला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके दिवस नुसता जळत होता, ते सोपं होतं. त्यानं टोपण काढून तौकीरच्या हातावर ठेवलं.

तौकीरनं ते सदऱ्याला पुसलं आणि परत त्याच्याच हातात दिलं.

"तुमीच बसवा. गाडी तुमची हाय."

फय्याज गाडीमागं उकिडवा बसला. टोपणाचे आटे काही केल्या बसेनात.