थंडीचा खिळा

"ताई, हितं सकाळचं ऊन येतं वो," दारात उभ्या भामाबाई म्हणाल्या. "ह्यो नैर्ऋत्य कोपरा कसा आसंल?"

पुण्याहून आलेल्या फेंगशुईच्या मॅडमनी मान वर केली नाही. त्यांनी होकायंत्र पाण्याच्या टाकीच्या लोखंडी झाकणावर ठेवलं होतं, आणि शेजारी बंगल्याचा नकाशा पसरून त्या रंगीत टिकल्या चिकटवत होत्या. उत्तरेला निळी, पाणी, म्हणजे नोकरीधंदा. दक्षिणेला लाल, अग्नी, म्हणजे नावलौकिक. पूर्वेला हिरवी, घराच्या आरोग्याची. पश्चिमेला पांढरी, मुलाबाळांची. शेवटची गुलाबी टिकली भामाबाईंच्या खोलीवर बसली.

"नैर्ऋत्य. लग्नाचा कोपरा," मॅडम मालकीणबाईंना म्हणाल्या. "इथे कोण राहतं?"

"आमच्या भामाबाई. सतरा वर्षं बंगला त्याच बघतात," राजेश्वरीताई म्हणाल्या.

"आणि मिस्टर?"

"ते नाहीत. इथे यायच्या आधीच गेले."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मग तुमच्या लेकीचं, स्नेहलचं लग्न कसं जमेल?"

राजेश्वरीताई टाकीकडे बघत बोलल्या, "मनाला लावून घेऊ नका हं, भामाबाई. हे माणसाचं नसतं, ऊर्जेचं असतं. तुम्ही कान्ह्याला भाच्याकडे राहा. दिवसा कामाला या."

"व्हय. आन् स्नेहलच्या हळदीला येऊ, का तितं बी कोपरा बघणार?"

मॅडम नकाशा गुंडाळू लागल्या.

खोलीतून न्यायचं फारसं नव्हतंच. एक ट्रंक, एक वाकळ, चार भांडी. नेता येत नव्हती ती भिंत. नवरा गेल्यावर घड्याळ बंद पडलं, ते भामाबाईंनी पुन्हा चालू केलं नव्हतं. खिडकीच्या आडव्या गजाची सावली सकाळी समोरच्या भिंतीवरून खाली उतरत यायची. ती खिळ्याला टेकली की आठ. मग मोटर लावायची. ऋतूप्रमाणे सावलीची जागा बदलते, म्हणून खिळे तीन होते. थंडीचा सगळ्यात वर.

चौथ्या दिवशी सकाळच्या लोकलने त्या कान्ह्याहून आल्या. खोलीत इब्राहिम पेंटर ब्रश धूत होता. चारी भिंती गुलाबी झाल्या होत्या.

"मावशी, इथे तर सकाळचं ऊन येतंय," तो म्हणाला. "होकायंत्र टाकीच्या लोखंडी झाकणावर ठेवलं म्हणे, मग सुई फिरणारच की. मी ताईंना बोललो तसं."

"मंग?"

"म्हणाल्या, तू रंग लाव."

"तुला रंग तरी लावाय दिला, बाबा." भामाबाई भिंतीजवळ गेल्या. "खिळे कुटं हायेत?"

"उपटले. भोकांत लांबी भरून घासून घेतलं. आता हात फिरवा, समजणार नाही."

त्यांनी हात फिरवला. खरंच समजलं नाही.

मग त्या उंबऱ्यावर बसल्या, उन्हाकडे पाठ करून. गजाची सावली गुलाबी भिंतीवरून उतरत होती. इब्राहिमने दिलेला चहा त्यांनी बशीत ओतला, पण नजर काढली नाही. सावली एका जागी आली. तिथे काहीच नव्हतं.

भामाबाईंनी बशी खाली ठेवली. उठून टाकीकडे गेल्या आणि मोटर लावली.

इब्राहिमने खिशातून फोन काढून पाहिला. आठ वाजले होते.