चिलापीच्या माद्या

दैवशालानं मासा उताणा केला, पोटाखाली अंगठा दाबून पाहिलं आणि डाव्या टोपलीत फेकला. मादी. हौदातून पुढचा काढला. मादीच.

"परत माद्याच?" अण्णासाहेब खेकसले. शहागडच्या अलीकडं त्यांचं चिलापी मासळीचं तळं होतं. तळ्यात मादी नको असते. ती पिल्लं घालते, गर्दी होते, कुणाचंच वजन भरत नाही. म्हणून माद्या निवडून फेकायच्या. "मागच्या खेपेला पिल्लं काढायच्या समद्या आया बदलल्या म्या. तरी बी हेच?"

पाहणीला आलेल्या मासेमारी खात्याच्या साहेबानं विचारलं, "नर कुठले?"

"घरचेच. औषधाच्या खाद्यावर वाढवलेले."

"मंग बराबर झालं. औषधानं मादी दिसायला नर झाली, बी मादीचंच राह्यलं. या जातीत नर का मादी, ते बापाचं बी ठरवतं. याच्याकडं नराचं बी न्हाईच, तर देईल कुठून? आयांवर खापर फोडू नका. बाप बदला."

"आन् माणसात, साहेब?" दैवशालानं विचारलं.

"माणसात बी बापाच्याच बीवर असतं, बाई."

जाळं धुणारा कल्याण खाली मान घालून धूतच राहिला. तिचा नवरा. पदरी दोन पोरी, तिला आता चौथा महिना. त्याच्या आईनं, साळूबाईनं, चोरून तपासणाऱ्या एका डॉक्टराशी बोलणं केलं होतं. मुलगी दिसली तर पाडायची. आज तिकडंच जायचं होतं.

अण्णासाहेबांनी उभ्या उभ्या फोन करून दुसरे नर सांगितले. कुणी रडलं नाही, कुणाची बैठक बसली नाही, कुणाच्या खानदानाचं नाक कापलं गेलं नाही. माशांचं बरं असतं.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

"ऊठ जल्दी," कल्याण म्हणाला. "आई गाडीत बसून राह्यली."

"आत्ता ऐकलं ना तुम्ही?"

"माशाचं अलग असतंय."

"माणसाचं बी सांगितलं त्यांनी."

"ते आईला जाऊन सांगू का मी? चारचौघांत?" त्याचा आवाज चिरकला. "येत नसशील तर पोरी घे आन् माहेरी जा. मला दुसरी करता येती."

"करा. तिला बी पोरीच होतील."

हॉर्न पुन्हा वाजला. कल्याण एकटाच रस्त्याकडं गेला.

दैवशालानं हौदात हात घातला. मासा काढला. उताणा केला नाही. पोट न बघता तसाच तळ्यात सोडला आणि दुसऱ्यासाठी वाकली.