सुईताईंकडे बघा

आमच्या दाजींची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची, मान एका मंगळवारी सकाळी जी अडकली ती तीन आठवडे सुटली नाही. मी वाढवून सांगतो अशी घरात तक्रार आहे, म्हणून या वेळी कमी करूनच सांगतो. नुसतं ‘नाही’ म्हणायचं असलं तरी त्यांना अख्खं अंग हलवावं लागे. मागून कुणी हाक मारली की अरुंद गल्लीत ट्रक वळवावा तसे ते दोन टप्प्यांत वळत. एकदा तर हाक मारणारा कंटाळून घरी गेला, जेवला, तोंड पुसत परत आला, तेव्हा दाजींचा दुसरा टप्पा चालू होता.

हसण्यावारी नेलं असतं, पण दाजी बस चालवतात. सत्तावीस वर्षं. कंपनीच्या डॉक्टरांनी शुक्रवारी चारची तपासणी ठेवली होती. मान दोन्हीकडे वळली तर बस, नाही तर डेपोतली हरवलेल्या सामानाची खिडकी. म्हणजे उरलेली नोकरी लोकांनी विसरलेल्या छत्र्या राखण्यात जाणार. त्या खिडकीचं नाव निघालं की दाजींचा घास तोंडातच फिरायचा.

गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. शेवटी बहिणीने सुया टोचून दुखणं घालवणाऱ्या सुईताईंचा पत्ता आणला.

“दादा, शुक्रवारी एक वाजता तू जा यांच्याबरोबर. मी ऑफिसातून परस्पर तपासणीला येते. अडीचला यांना उठवून बाहेर काढायचं काम तुझं. आणि तिथे गोष्टी सांगत बसू नकोस.”

“मी? मी कशाला गोष्टी सांगू?”

तिने पत्त्याचा कागद माझ्या खिशात कोंबला.

सुईताईंचा दवाखाना म्हणजे एकच मोठा हॉल. मागे रेलणाऱ्या नऊ खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही. पडदे अर्धे ओढलेले, पंखा मंद, आणि खुर्च्यांत माणसं पाय पसरून गाढ झोपलेली. प्रत्येकाच्या हातापायांना केसाएवढ्या बारीक सुया. एक निवृत्त पोस्टमन असे घोरत होते की पडद्याची झालर त्यांच्या श्वासाबरोबर आत-बाहेर होत होती. दारात फळ्यावर फीचे दोन आकडे लिहिलेले, कमीत कमी एवढे आणि जास्तीत जास्त एवढे. मधला आपल्याला झेपेल तो आकडा आपणच ठरवायचा आणि तेवढे पैसे डब्यात टाकायचे. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही. सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवतात म्हणून तर ते परवडतं.

सुईताई ठेंगण्या, कापसाच्या बोळ्यासारख्या मऊ आवाजाच्या. त्यांनी दाजींना बाह्या कोपरापर्यंत आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली. मनगटापाशी, पंज्यावर, घोट्याजवळ सुया टोचल्या. मानेला एकही नाही.

“अहो ताई, मान इथे आहे,” दाजी कुजबुजले. “बिघाड इंजिनात आणि तुम्ही टायर बघताय.”

“ब्रेक कुठे दाबता?”

“पायाने.”

“आणि थांबते ती सगळी बस ना? मग अंग सैल सोडून पडून राहा. हात हलवायचे नाहीत, बोलायचं नाही, बाकीचे झोपलेत. पुरे झालं वाटलं की माझ्याकडे बघा. तुम्ही बघितलंत की मी येऊन सुया काढते. नाही बघितलंत तर मी हात लावत नाही. लोकांना इथे बऱ्याच दिवसांची राहिलेली झोप लागते, ती मोडायची नाही असा आमचा नियम.”

माझाही गुडघा दुखतो म्हटल्यावर मला पलीकडची खुर्ची दिली. सुई टोचली का, हे विचारायला मी तोंड उघडलं तर ती टोचून त्या निघूनही गेल्या होत्या. पाय जडावले, मग गरम झाले. घड्याळावर नजर ठेवायची म्हणून मी डोळे ताणून धरले. एक वीसपर्यंतचं मला आठवतं.

पुढचं दाजींकडून कळलं. तेही झोपले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. जाग आली तेव्हा समोर घड्याळ होतं आणि त्यात तीन वाजून पाच मिनिटं. मी शेजारी पोस्टमनशी जुगलबंदी करत होतो. सुईताई कुठे? तर उजवीकडे, कोपऱ्यातल्या टेबलाशी, कापसाचे बोळे करत. बरोबर त्याच बाजूला, जिकडे दाजींची मान जराही वळत नव्हती!

बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत. सत्तावीस वर्षं नियमाने गाडी चालवलेला माणूस नियम कसा मोडणार? त्यांनी बुबुळं इतकी उजवीकडे नेली की कान दिसायला लागला म्हणतात. ताई आपल्या कामात. मग ते हळूच खोकले. ताई आल्या, मागच्या मागे पंखा बंद करून गेल्या. आणखी जरा जोरात खोकले. मागूनच अंगावर चादर आली. तिसऱ्यांदा खोकायची त्यांची छाती झाली नाही. आता तोंडावर पांघरूण घालतील असं वाटलं.

तीन वीस. डोळ्यांपुढे छत्र्या. काळ्या, फुलाफुलांच्या, मोडक्या दांड्याच्या. दाजींनी दात आवळले, मग त्यांना आठवलं की आवळायचं नाही, सैल सोडायचं. श्वास सोडला. हनुवटी खांद्याकडे सरकवली. एक बोट. दोन बोटं. थांबले. पुन्हा श्वास. आत कुठेतरी गंजलेली कडी निघावी तसं झालं, आणि समोर सुईताईंचं तोंड, अख्खं, दोन्ही कानांसकट!

ताईंनी मान वर केली. “झालं का?”

दाजींनी मान हलवून ‘हो’ म्हटलं. नुसती मान हलवून.

मला उठवलं तेव्हा चूक कुणाची यावर वाद घालायलाही वेळ नव्हता. चारला दोन मिनिटं कमी असताना आम्ही तपासणीच्या खोलीत शिरलो. बहीण दारातच पर्स आवळून उभी. माझ्या गालावरची खुर्चीच्या शिवणीची खूण बघून ती काय समजायचं ते समजली.

“उजवीकडे बघा,” डॉक्टर म्हणाले. दाजींनी बघितलं. “डावीकडे.” तिकडे जरा कमी वळली, पण आरसा दिसेल एवढी वळली. डॉक्टरांनी जुना कागद पुन्हा वाचला, पुन्हा उजवीकडे बघायला लावलं, आणि शिक्का मारला. सोमवारपासून बस, पंधरा दिवसांनी फेरतपासणी.

“तीन आठवडे हलत नव्हती ना? केलंत काय असं?”

दाजी आनंदात होते. आनंदातला माणूस विचार करून बोलत नाही.

“काही नाही साहेब. दुपारभर पडल्या पडल्या एका बाईंकडे बघायचा प्रयत्न केला.”

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बहिणीने तो शिक्क्याचा कागद उचलला, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “डावीकडे अजून कमी वळते, नाही का? मग पुढच्या शुक्रवारी सुईताईंकडे मी येते. दादा, माझी खुर्ची यांच्या डावीकडे लावायला सांग.”