बाराव्या अध्यायात थांबलेली फीत

मी एक जुनी फीत आहे, मित्रांनो. कधी काळी लाल होते, आता नुसतं म्हणायचं. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जाडजूड पुस्तकात पानाची खूण होऊन पडून असते.

पुस्तकं बांधणाऱ्या एका माणसाने खळ लावून मला या पुस्तकाच्या पाठीत चिकटवलं. त्याच्या घरी दुपारच्या जेवणाआधी रोज एक अध्याय व्हायचा. आई वाचायची, बाबा आणि लेक ऐकायचे. सगळ्यांचं ऐकून झाल्याशिवाय मला पुढे न्यायचं नाही, असा आईचा नियम. कुणी तापाने पडलं तर मीही थांबायचे. "गुणाची गं माझी फीत," म्हणत लेक माझं टोक कातरून नीट करायची.

मग इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय आला. नेमलेली धाव धीराने पुरी करा, सांगणारा. त्याच दुपारी लेकीने सांगितलं, बांधणीचं काम मी शिकणार नाही, दूरच्या शहरात जाणार. आई वाचत वाचत 'गळालेले हात' या शब्दांपर्यंत आली, तोच बाबा फिस्कारले, "हिला कसला धीर! चार दिवसांत येईल परत, तोंड पाडून."

लेक उठली. मांडलेली ताटं तशीच राहिली.

अकरा वर्षं मी त्याच पानावर. माझे दोरे सुटले, रंग पानाला लागला. धीर म्हणजे काहीतरी शूर असेल, असं मला वाटायचं. तो तर कंटाळा गिळून पडून राहणं निघाला!

"अगं, सरकव की तिला. पुढेही पानं आहेत," बाबा म्हणायचे.

"लेकीचं ऐकायचं राहिलंय."

"मग तू तिला वाचून दाखव फोनवर."

"बोललात तुम्ही. वाचून तुम्हीच दाखवा."

लेकीचा फोन आईला यायचा. बाबांचा विषय निघाला की म्हणायची, "ठेवते गं."

यंदाच्या आजारपणानंतर आईला पुस्तक पेलवेना. "दमले मी," म्हणत तिने मला पानातून ओढून काढलं. मी बाहेर लोंबत राहिले.

दुसऱ्या दुपारी बाबांनी पुस्तक मांडीवर घेतलं. हजारो पुस्तकं बांधली, पण अध्याय शोधता येईना. पानं चाळता चाळता एक लालसर रेघ दिसली. माझीच. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी फोन लावला.

"अर्धाच ऐकून गेलीस. मी चुकलो त्या दिवशी. उरलेला माझ्याकडून ऐकशील?"

या वेळी तिने फोन ठेवला नाही. बाबा अडखळत वाचू लागले.

"बाबा, चष्मा कुठाय?" आवाज ओला होता. "लटपटत्या गुडघ्यांचं गाळलंत."

ते शब्द त्या दुपारी वाचायचे राहिले होते. म्हणजे तिकडे तिने एकटीने वाचले होते. आईने पलंगावरूनच डोळ्यांना पदर लावला.

अध्याय संपल्यावर आईने हात लांबवून मला एक पान पुढे ठेवलं. एकच पान, पण केवढं लांब होतं ते!

मित्रांनो, जुन्या पुस्तकात विटकी फीत दिसली, तर ओढून काढू नका. त्या पानावर कुणीतरी कुणाची वाट बघत असतं. आणि ती वाट तुमचीच असेल, तर फार उशीर करू नका. आम्ही थांबतो हो. पण दमतोही.