माझ्या छतावरच्या दोन ओळी

मित्रांनो, या, जरा पुढे या. ही दोरी माझ्या रक्षणासाठी बांधली आहे म्हणे, पण मी काही कुणाला चावत नाही. मी लढाईतली जुनी रुग्णवाहिका आहे. शेजारच्या रणगाड्यापाशी रांग लागते आणि माझ्यापाशी लोक सावलीला थांबतात, याची मला सवय झाली आहे. माझ्यावर तोफ नाही, बंदूक नाही. मागे दोन दारं आणि आत चार स्ट्रेचर, दोन खाली, दोन वर. एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अंगावरचा रंग धड वाळलाही नव्हता, तोच मला आघाडीवर धाडलं. तिथे रस्ते नावालाच होते. माझा ड्रायव्हर पन्नाशीचा, तोंडाने फटकळ, पण मनाने लोण्याहून मऊ. खड्डा दिसला की तो मागे ओरडायचा, "धरा रे, आला खड्डा!" आणि आदळून झालं की हळूच म्हणायचा, "चुकलं माझं." खड्डे काही त्याने खणले नव्हते, तरी दर वेळी माफी मागायचा. असा ड्रायव्हर मला पुन्हा मिळाला नाही.

वरच्या स्ट्रेचरवर निजलेल्या माणसाला माझं छत जेमतेम हातभर अंतरावर असायचं. प्रवास तीन-तीन तासांचा, आणि बघायला दुसरं काही नाही. मग कुणी खिळ्याने, कुणी पट्ट्याच्या बकलाने छताच्या रंगावर काहीबाही कोरायचं. कुणी गावाचं नाव लिहिलं, कुणी नुसतंच 'आई'. एकाने छावणीतल्या आचाऱ्याला चांगल्या चार शिव्या घातल्या होत्या. तो नक्की बरा झाला असणार.

एकदा विशीतला एक मुलगा आला. पोटाला जखम होती. तो थांबून थांबून कोरत होता. गाडी हादरली की अक्षर वाकडं व्हायचं आणि तो पुन्हा सुरुवात करायचा. त्याने दोन ओळी पुऱ्या केल्या. दवाखान्याच्या दारात त्याला उतरवताना तो ड्रायव्हरला म्हणाला, "वर लिहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आहे." ड्रायव्हर वाचायला वळला, पण तेवढ्यात दुसरे जखमी आणले गेले. संध्याकाळी त्याची बदली झाली आणि मी दुसऱ्याच्या हाती गेले. तो मुलगा दुसरा दिवस पाहू शकला नाही.

लढाई संपली आणि आमची किंमतही संपली. एका भाजीवाल्याने मला विकत घेऊन आतून-बाहेरून निळा रंग फासला. कोबी, कांदे, बटाटे वाहून वाहून माझं इंजिन थकलं, तेव्हा त्याने मला परसात ढकललं आणि माझ्यात कोंबड्या कोंडल्या. ज्या स्ट्रेचरांवर माणसांनी प्राण सोडले, त्यांच्यावर कोंबड्या खुडूक बसू लागल्या. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. पुढे पुढे वाटलं, बरं आहे, निदान कुणी कण्हत तरी नाही. छतावरची अक्षरं मात्र निळ्या रंगाखाली शाबूत होती. बोट फिरवलं असतं तर लागली असती.

मग एक दिवस बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री आले. तिथले लोक त्यांना पॉलिशकाका म्हणायचे, कारण पत्रा आरशासारखा झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मला त्यांनी घरी नेलं आणि सहा वर्षं माझ्यामागे खपले. जुने फोटो जमवले, माझा मूळ नंबर रंगाखालून शोधून काढला आणि तसाच्या तसा रंगवला. त्यांचा एकच हेका होता, गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे.

छताचं काम निघालं तेव्हा त्यांची बायको दिवा धरून उभी होती. निळा रंग थोडा निघाला आणि ती म्हणाली, "अहो, इथे काहीतरी लिहिलंय."

"कोंबडीवाल्याच्या पोरांचे उद्योग, दुसरं काय! तू दिवा नीट धर."

आणि त्यांनी रंग घासायचं मशीन लावलं. मित्रांनो, मला त्या दिवशी जेवढं दुखलं तेवढं आघाडीवरही दुखलं नव्हतं. काम अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. पत्रा उघडा पडेपर्यंत घासलं, खाचाखोचा लांबीचा लगदा भरून बुजवल्या, वर पांढऱ्या रंगाचे तीन हात मारले. छत इतकं सुंदर झालं की त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांच्यावर रागावताही येईना.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या आधी वर्तमानपत्रात माझा फोटो आला, नंबरासकट. प्रदर्शनात माझ्या काचेवर पहिल्या बक्षिसाचं कार्ड लागलं. दुपारी एक म्हातारी बाई आल्या, काठी टेकत, एकट्याच. त्यांनी पर्समधून एक पिवळं पडलेलं पत्र काढलं, त्यातला आकडा माझ्या नंबराशी ताडून पाहिला आणि मिस्त्रींना विचारलं, "मी आत जाऊ का? वरचं छत बघायचंय. माझ्या दादाने माझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंय. गाडीच्या ड्रायव्हरने या पत्रात कळवलं होतं. आयुष्यभर ही गाडी शोधतेय हो."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांची बायको त्यांना बाजूला घेऊन कुजबुजली, "वाचलं होतं म्हणा. सुखी राहा, असं लिहिलेलं म्हणून सांगा. तेवढंच बरं वाटेल त्यांना."

क्षणभर त्यांचे ओठ हलले. मग ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "ताई, अक्षरं होती. ही मला म्हणाली होती, पण मी वाचली नाहीत. घासून टाकली. माझ्या हातानं."

बाई आत चढल्या, काठी खाली ठेवली आणि हात उंच करून छतावरून तळवा फिरवला. कुठे एक ओरखडा लागेना. मिस्त्रींनी खिशातला चाकू काढून तिथला रंग खरवडला. खाली कोरा पत्रा निघाला. त्यांनी आणखी खरवडलं, आणखी कोरा पत्रा निघाला. शेवटी बाईंनीच त्यांचा हात धरला.

"राहू द्या हो. मला एवढंच बघायचं होतं, त्याचा राग गेला होता का," त्या म्हणाल्या. "तो लढाईवर जायच्या आदल्या दिवशी मी त्याची सायकल न विचारता नेली आणि उतारावर पडले. चाकाचं पार भजं झालं. तो माझ्याशी न बोलताच गेला. मी मग कधी सायकलवर बसलेच नाही."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. हॉर्न होता, दिवे होते, नव्याने बसवलेलं इंजिन होतं, पण जीभ नव्हती. बाई काठी टेकत गर्दीत दिसेनाशा झाल्या. मिस्त्रींनी त्यांचं नाव-गाव विचारलं नाही. त्यांना तोंड वर करायचीच लाज वाटत होती.

तो खरवडलेला चौकोन त्यांनी तसाच ठेवला आहे. मागच्या प्रदर्शनात त्यापायी माझे गुण कापले गेले. परीक्षकांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इथे एका माणसाचं पत्र होतं, मी ते वाचलं नाही." हल्ली ते कुणाचीही गाडी हाती घेतली की आधी चष्मा लावतात आणि मगच पॉलिश पेपर.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मी म्हणते, चकचकीत करायच्या आधी त्या नीट बघा. कुणी 'इथे काहीतरी आहे' म्हणालं, तर हातातलं काम थांबवा. आणि माझं एक काम करा. काठी टेकत चालणाऱ्या, भावाच्या सायकलची गोष्ट सांगणाऱ्या कुणी आजी तुम्हाला भेटल्या, तर त्यांना सांगा की छतावर दोन ओळी होत्या, वाकड्या अक्षरांत. मी स्वतः वाचल्या आहेत.

'छोटे, तू पडलीस कारण ब्रेकच ढिला होता.
नवीन बसव आणि सायकल तू घे.'