रखमीच्या पाठीतला मणका

एक होती रखमी, एक तिचा लेक जिवा, एक सून पुष्पा. आणि रखमीच्या पाठीत, कमरेच्या जरा वर, होतो मी. मी मणका बोलतोय. मोखाड्याच्या डोंगरात आमचा पाडा.

मी रखमीबरोबर वाढलो, मोळीखाली, हंड्याखाली. माणसं दात घासतात, डोळ्यांना जपतात. आम्ही मागं असतो, म्हणून विसरतात.

म्हातारपणी मी भुंगा लागलेल्या बांबूसारखा पोकळ झालो. रखमी अंगणात घसरली, मनगट मोडलं, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरबाईंना माझी दशा कळली. त्यांनी सहा महिन्यांनी घ्यायची सुई लावली. म्हणाल्या, "आजी, प्रत्येकाच्या हाडात हाड खाणारा एक असतो, त्याला ही सुई बांधून ठेवते. वेळ चुकली तर तो दावं तोडतो. सुई थांबवायची असेल तर आधी मला सांगा, दुसरं औषध देईन."

सुईनं मी भरत आलो. रखमी ताठ चालू लागली.

एकदा सुईची वेळ ऐन आवणीत, भातलावणीच्या दिवसांत आली. आमच्याकडं भाताची रोपं सावडीनं लावतात. आज सगळा पाडा तुझ्या शेतात, उद्या माझ्या.

"आये, उद्या नाशिकला जायचाय," पुष्पा म्हणाली.

"उद्या शेजारच्या माघीच्या शेतात आवणी हाय. मी नाय गेले तर आपल्या शेतात कोण वाकेल? तुझा नवरा एकटा?"

"आन् सुई?"

"पाठ दुखते कुठं आता? सुई काय पळून जाते?"

जिवा हसला, "आये डॉक्टरणीपेक्षा शहाणी!"

रखमी लुगडं खोचून चिखलात उतरली.

आवणीमागून कापणी, कापणीमागून झोडणी. दुखत नव्हतं, म्हणून सुईचं नाव कुणी काढलं नाही. आत मात्र बांधलेला सुटला होता. उपाशीच तो, ताव मारत होता. मी सांगू कसं? मोडल्याशिवाय आम्हाला आवाज नसतो.

शिमग्याच्या सुमारास रखमी चुलीतलं लाकूड सारायला वाकली. एवढंच. मी चेपलो. मागोमाग माझे दोन शेजारी चेपले.

डॉक्टरबाईंनी पाठीचा फोटो बघितला. रागावल्या नाहीत, तेच रखमीला जास्त लागलं. औषध पुन्हा सुरू झालं, पण चेपलेला मणका उभा राहत नाही. कुशीवर वळायलाही रखमीला पुष्पा लागते.

पुन्हा आवणी आली. पुष्पा रखमीपाशी अडकलेली. जिवा एकटाच शेतावर गेला, आणि बघतो तर बांधावर सगळा पाडा!

संध्याकाळी माघी चिखलाच्या पायांनी खाटेपाशी आली.

"झाली गं तुझी आवणी."

"मी तर औंदा कुणाकडं गेलेच नाय."

"म्हातारे, गेल्या साली तोंड उघडलं असतंस, तर एक दिस तुझ्या जागी कुणीबी वाकलं असतं."

रखमीला भिंतीकडं तोंड फिरवायचं होतं. मी फिरू दिलं नाही.

ज्यांच्या पाठीत माझे भाऊबंद आहेत त्यांना विनवतो, बाबांनो, अशी सुई आपल्या मनानं थांबवू नका. अडचण असेल तर बोला.

त्या वर्षी भात उदंड आलं. कणगी भरून उरलं. नव्या भाताचा पहिला घास पुष्पानं रखमीला निजल्या निजल्या भरवला.